पाठमोरी पुळण

प्रिय ताई,

तुझं पाकीट मिळालं. मिळून आज चोवीस दिवस झाले. एरवी मला तारखा कुठे माहीत असतात, पण इथे बेटावर टपालाची होडी आठवड्यातून दोनदाच येते आणि ती येऊन गेली की घरमालकीण काकू कॅलेंडरवर पेन्सिलीने फुली मारतात. पाकीट आल्यापासून सात फुल्या झाल्यात. तू लिहिलंयस, 'दोन्ही पानांवर सही करून लगेच पाठव. सोबत काही लिहायची गरज नाही.' दोनच वाक्यं, आणि तीही तू लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवतेस ना, तसल्या अक्षरात. उभं, सरळ, कुठे हलू नये असं. तरी मी लिहितेय. लांबणार आहे. चहा घेऊन बस, नाहीतर मुंगी झोपल्यावर वाच.

कागद सुखरूप आहे, हे आधी सांगते. सही झाली की नाही तेही सांगणार आहे, पण ओघात. आधीच सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, तुला मी ओळखते. तर कागद. त्यावर लिहिलंय की मी, म्हणजे मुलीला जन्म देणारी, राजीखुशीने, कुणाच्याही दबावाशिवाय मुलगी कायमची तुझ्या आणि भाऊजींच्या हवाली करतेय. शाळेच्या फॉर्मवर आईचं नाव म्हणून तुझं नाव लिहायचं तर हा कागद महिनाअखेरच्या आत पुरा व्हायला हवा. बरोबरच आहे. सव्वातीन वर्षं तिचं सगळं तूच केलंस. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, अकरावी अर्धवट सोडलेली. नवव्या दिवशी तिला तुझ्या मांडीवर ठेवलं आणि बाराव्या दिवशी बसमध्ये जाऊन बसले. मुंगी बोलायला लागली तेव्हापासून तुला आई म्हणते आणि मला, मी कधी उगवलेच तर, मावशी. हे सगळं लिहिताना मला रडू वगैरे येत नाहीये. खरं सांगायचं तर काहीच येत नाहीये. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो, मग अर्धा गाल आपला राहत नाही. जीभ लावून बघतो, चिमटा काढून बघतो, गाल जागेवर आहे हे कळतं पण तो शेजारणीचा असावा असं वाटतं. तसं. फक्त ते इंजेक्शन दोन तासांत उतरतं.

बेटावर मी आले कशी, ते ऐक. बंदरावरच्या एका हॉटेलात चादरी धुवायचं काम करत होते. धुण्याचं यंत्र बंद पडलं, दुरुस्त करणारा चार दिवसांनी येणार म्हणाला, म्हणून मी धक्क्यावर पाय हलवत बसले होते. एक माणूस होडीत पिठाची पोती चढवत होता. मला म्हणाला, 'बसलीच आहेस तर हे टोक धर.' मी धरलं. पोतं होडीत ठेवल्यावर म्हणाला, 'आता उतरवायला कोण आहे पलीकडे? चल.' म्हणून आले. तू मला उगाच भिंगरी म्हणत नाहीस. चार दिवसांसाठी आलेली, आता दुसरा महिना चालू आहे, हॉटेलातलं यंत्र केव्हाच सुरू झालं असेल.

त्या माणसाला इथे सगळे कप्तान म्हणतात. हे नाव त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, पाडलंय आणि ते कौतुकाने पाडलेलं नाही. एक लाकडी होडी, तिला मागे इंजिन, ते तीन वेळा शिव्या खाल्ल्याशिवाय सुरू होत नाही. काकू ओट्यापाशी उभ्या राहून ओरडतात, 'अहो कप्तान, जहाज निघणार असेल तर जाताना कचरा न्या.' दोघांचं घर मोठं आहे. वरच्या चार खोल्या पाहुण्यांना देतात. खाली ती दोघं, आणि जिन्याखाली मी. पाहुण्यांच्या चादरी मी धुते, वाळत घालते, घड्या करते, त्या बदल्यात राहते आणि जेवते. चादरी माझा पिच्छा सोडत नाहीत. काकू मला पहिल्या दिवशी म्हणाल्या, 'चादर झटकतेस छान, पण तोंड असं का करतेस, कुणी मेल्यासारखं?' मी म्हटलं, माझं तोंडच असं आहे. त्या म्हणाल्या, 'असू दे. पाहुण्यांसमोर जरा वळवून ठेव.'

सकाळी कप्तान पाहुण्यांना होडीतून किनारा दाखवायला नेतात. मी पोती, पाण्याच्या बाटल्या आणि घाबरणाऱ्या बायका धरायला बरोबर जाते. बेट डाव्या हाताला ठेवायचं आणि पुढे जायचं, एवढाच त्यांचा नकाशा. आधी लांब पुळण लागते, वाळू इतकी बारीक की पाय ठेवला की चुरचुरते. मग काळ्या खडकांचा पट्टा. लाट मागे सरली की त्यांच्यावरून पाण्याचे ओघळ निघतात, न्हाऊन आलेल्या बाईच्या केसांतून निघतात तसे. मग एक गुहा. तिथे कप्तान इंजिन बंद करतात आणि म्हणतात, 'आता सगळ्यांनी गप्प बसा, ती श्वास घेते.' खरंच आत पाणी जातं आणि मोठा उसासा टाकून बाहेर येतं. प्रत्येक वेळी कुणीतरी फिस्सकन हसतं, आणि कप्तान प्रत्येक वेळी म्हणतात, 'झोपमोड केलीत.' पण सगळ्यात गंमत दांड्याची. ओहोटीला भर समुद्रात वाळूचा एक दांडा वर येतो, फक्त दोन तास. कप्तानांनी होडीत एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलीय. ती दांड्यावर मधोमध मांडतात आणि एकेका पाहुण्याला बसवतात. 'बसा, चारी बाजूंनी तुमचंच.' माणसं बसतात, फोटो काढतात, आणि मग का कोण जाणे, लवकर उठत नाहीत. एकदा खुर्ची तिथेच राहिली. काकू म्हणाल्या, 'पुढच्या वेळी तुम्ही राहा आणि खुर्ची घरी पाठवा, ती निदान बसायला तरी उपयोगी पडते.'

मीही बसले त्या खुर्चीवर. सगळीकडे पाणी, हिरवं, मग निळं, मग नुसतं चकाकणारं. सुंदर होतं. म्हणजे सुंदर आहे हे मला कळलं, दुसऱ्याच्या ताटातलं जेवण गरम आहे हे वाफेवरून कळतं तसं.

हां, कागद. भरकटले. तर पाकीट आलं आणि मी ठरवलं, सही करायची तर नीट कुठेतरी बसून करायची. जिन्याखाली बल्ब मिणमिणता, त्यात मान वाकवून अशा कागदावर सही करायची हे बरं दिसेना. म्हणून मी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पेन घेतलं आणि दुपारच्या वेळी एकेका पुळणीवर जाऊ लागले. लांब पुळणीवर वारा होता, पान फडफडत होतं. गुहेच्या वरच्या कातळावर गेले तर पेन चालेना. दुसऱ्या दिवशी पेन चाललं पण दोन शाळकरी पोरं शिंपले गोळा करत होती, त्यांना मदत करत बसले. शिंपल्यांच्या पुळणीवर दोनदा गेले. दोन्ही वेळा कागद बाहेर काढला, 'जन्म देणारी' पर्यंत वाचला आणि घडी घालून ठेवला. वाईट वाटलं म्हणून नव्हे. काहीच वाटलं नाही म्हणून. मला वाटायचं, अशा कागदावर सही करताना माणसाला काहीतरी व्हायला पाहिजे. हात थरथरायला पाहिजे, डोळ्यांसमोर काही यायला पाहिजे. ते होईपर्यंत थांबू. असं करत करत बेटाचा जवळजवळ सगळा किनारा झाला. उरली पाठमोरी.

पाठमोरी पुळण बेटाच्या मागल्या अंगाला आहे. घरातून दिसत नाही, होडीतून नीट दिसत नाही, तीन बाजूंना उभा कडा. ओहोटीला कड्याच्या पायथ्याशी खडकांवरून वाट निघते, तेवढीच. कप्तान सोबत असल्याशिवाय तिकडे कुणाला सोडत नाहीत. ओसरीवर काळा फळा आहे, त्यावर रोज भरती-ओहोटीच्या वेळा लिहितात आणि खाली मोठ्या अक्षरात, 'पाठमोरीला एकट्याने जाऊ नये.' हे मी रोज वाचत होते. आणि त्याच ओसरीवर काकूंची फळी आहे. तिची गोष्ट सांगायलाच हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. भिंतीला लावलेली लांब लाकडी फळी, तिच्यावर खोल्यांचे आकडे रंगवलेले, शेवटी माझा जिना. घरात शिरताना प्रत्येकाने चपला आपल्या आकड्यावर काढायच्या. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी काकू ओसरीवर येतात आणि चपला मोजतात. ज्याच्या नाहीत तो अजून बाहेर आहे. मग कप्तान होडी काढतात. बारा वर्षं असं चाललंय आणि बारा वर्षांत एकही पाहुणा हरवला नाही, हे काकू नव्या माणसाला पाच मिनिटांत सांगतात.

त्या दिवशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. म्हणून मी चपला फळीवरच ठेवल्या आणि मोरीतल्या रबरी सपाता घालून निघाले. एवढंच. मुद्दाम काही केलं नाही.

दुपारी एकच्या ओहोटीला पोचले. पुळण अशी की जणू तिथे कुणी कधी आलंच नाही. राखाडी वाळू, मधे मधे काळे गोटे, आणि कड्यामुळे वारा अजिबात नाही. सही करायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती. मी बसले, कागद काढला, दगडावर ठेवला. आणि तेवढ्यात मला वाळूतून वर आलेला एक दोर दिसला. जाड, हिरवा, कुठल्यातरी जहाजाचा असेल. म्हटलं, याचं टोक कुठे आहे बघावं. ओढला, थोडा निघाला. आणखी ओढला. तू आत्ता कपाळाला हात लावला असशील. ताई, मी दीड तास तो दोर ओढत होते. हात सोलले. शेवटी टोक निघालं, ते कापलेलं होतं, त्याला काही बांधलेलं नव्हतं. मी ते हातात घेऊन बघत उभी राहिले आणि मग पायाला पाणी लागलं. वळून बघितलं तर वाट बुडाली होती.

घाबरले का? नाही. तेच तर सांगतेय. घाबरायला हवं हे मला कळत होतं. मी कागद पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि कड्याला लागून एक खडकाचा ओटा होता त्याच्यावर चढले. पाणी वाळूवर आलं, मग वाळू दिसेनाशी झाली, मग ओट्यावर आलं, घोटे, पोटऱ्या. वर कड्याच्या पार त्या टोकाला एक माणूस दिसला. दोन नंबरच्या खोलीतले म्हातारे, पक्षी बघायला आलेले. गळ्यात कायम दुर्बीण, म्हणून आम्ही त्यांना दुर्बीणच म्हणतो. त्यांनी माझ्याकडे दुर्बीण वळवली. मग हात हलवला. मीही हलवला. मग ते निघून गेले. नंतर कप्तानांनी मला विचारलं, 'अगं, बोंब नाही का मारायची? हात काय हलवतेस, वरातीला आल्यासारखी?' मी म्हटलं, मला वाटलं त्यांचा पक्षी उडून जाईल. कप्तान हसले नाहीत.

गुडघ्यापर्यंत पाणी आलं तेव्हा मी पिशवी डोक्यावर धरली. कागद भिजू नये म्हणून. मला वाटलं, ज्याअर्थी मी हा कागद वाचवतेय त्याअर्थी मला सही करायची आहे. मग वाटलं, की करायची नाही म्हणून धरलाय? काही ठरेना. आता तुला वाटत असेल, अशा वेळी मला मुंगी आठवली असेल. पुस्तकात आठवली असती. मी आठवून बघितली, खरंच बघितली, मुद्दाम. तिचे कान आठवले, पण ते तू पाठवलेल्या फोटोतले. तिचा आवाज काही केल्या येईना. मग मला आठवलं की हॉटेलच्या धुण्याच्या खोलीत माझा एक टॉवेल राहिलाय, पिवळा. त्याच्याबद्दल मी बराच वेळ विचार केला. पाणी कमरेला आलं होतं.

इकडे घरी काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. चहाच्या वेळी दुर्बीण म्हणाले, 'तुमची ती पोरगी मागच्या खडकावर उभी होती मघाशी, मजेत होती, हात केला मला.' काकू म्हणाल्या, 'छे, ती खाली झोपलीय, चपला बघा ना.' ते म्हणाले, 'मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.' काकू म्हणाल्या, 'तुम्ही काल बगळ्याला करकोचा म्हणालात. तुमच्या दुर्बिणीपेक्षा माझी फळी खरी.' म्हातारे बिचारे बिस्किट बुडवत राहिले. पुढे पाऊण तास गेला. काकू हात-पाय धुवायला मोरीत गेल्या आणि सपाता नव्हत्या. त्या बाहेर आल्या त्या ओल्या पायांनी, आणि कप्तानांना नुसतं 'होडी' म्हणाल्या. कप्तान सांगत होते, त्या दिवशी इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं, त्यालाही कळलं असावं.

मला होडीत ओढून घेतलं तेव्हा अजून उजेड होता. पाणी छातीला लागलं होतं आणि मी दात वाजवत होते, पण ते थंडीने. काकू स्वतः होडीत आल्या होत्या. बारा वर्षांत त्या होडीत बसल्या नव्हत्या म्हणे, त्यांना होडी लागते. त्यांनी माझ्या डोक्यावरची पिशवी काढून घेतली, मला चादरीत गुंडाळलं, मीच धुतलेली चादर, आणि मग काठावरून वाकून ओकल्या. कप्तान म्हणाले, 'एकीला बाहेर काढलं तर दुसरी आत चाललीय.' काकू ओकता ओकता म्हणाल्या, 'तुम्ही समोर बघा.' मला रागावल्या नाहीत, समजूत घातली नाही. घरी आल्यावर गरम पाणी दिलं, आणि मी न्हाऊन येईपर्यंत ओसरीवरची फळी निखळवून मागच्या अंगणात उभी करून ठेवली होती. हातोडी अजून हातात. दुसऱ्या दिवसापासून त्या संध्याकाळी एकेका खोलीचं दार वाजवतात आणि माणसाला बाहेर येऊन तोंड दाखवायला लावतात. पाहुणे कुरकुरतात. दुर्बीण म्हणाले, 'मी तुरुंगात आहे का?' काकू म्हणाल्या, 'तुमचं ऐकलं नाही मी एकदा. आता तुमचं तोंड रोज बघणार.'

तीन दिवसांनी काकू पाहुण्यांची नोंदवही घेऊन जिन्याखाली आल्या. आले तेव्हा मी त्यात 'काही झाल्यास कुणाला कळवायचं' हा रकाना कोरा ठेवला होता. म्हणाल्या, 'भर.' मी तुझा पत्ता लिहिला. नात्यापुढे बहीण लिहिलं. त्यांनी वही घेतली, वाचली, आणि उठता उठता सहज, दळण आणलं का विचारावं तशा आवाजात म्हणाल्या, 'आणखी कोण आहे तुला?' मी म्हटलं, 'एक मुलगी आहे.' ताई, हे मी आजवर तुझ्याखेरीज कुणाला तोंडाने सांगितलेलं नाही. कसं निघालं माहीत नाही. काकू तशाच अर्धवट उठलेल्या. 'केवढी?' 'सव्वातीन वर्षांची.' 'कुणाकडे असते?' मी म्हटलं, 'तिच्या आईकडे.'

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं, कारण मलाही ते आत्ताच ऐकू आलं होतं. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, पण दुरुस्त करण्यासारखं त्यात काही सापडेना. त्या खाली बसल्या. मग मी सगळं सांगितलं, कागद दाखवला. त्यांनी चष्मा आणला, पण स्वतः वाचला नाही. मला स्वयंपाकघरात नेलं, बटाट्यांचं टोपलं पुढ्यात घेतलं आणि म्हणाल्या, 'मी सोलते, तू वाच. मोठ्याने. सगळं.' मी वाचलं. जन्म देणारीच्या पुढेही वाचलं, पहिल्यांदाच. हक्क, जबाबदारी, पालनपोषण, वारस, सगळं. मधे अडखळले की त्या म्हणायच्या, 'ते परत वाच.' कप्तान दारात येऊन उभे राहिले होते, त्यांना वाटलं सरकारी नोटीस आलीय. वाचून झाल्यावर काकूंनी एकच विचारलं, 'उद्या तुला पान्हा फुटावा तसं काही आतून फुटलं, तर काय करशील?' मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, 'ते खरं बोललीस.' मग मी सही केली. दोन्ही पानांवर. हात थरथरला नाही, डोळ्यांसमोर काही आलं नाही. साक्षीदार म्हणून दोघांनी सह्या केल्या. कप्तानांची सही एवढी वळणावळणाची की तिने काकूंच्या सहीवर शेपूट टाकलंय. काकू म्हणाल्या, 'कागदावर तरी सरळ चाला.' ते चालत असेल ना? नसेल तर कळव, परत करू.

आता हे पत्र का, ते सांगते. सह्या झाल्यावर कागद नुसता पाकिटात घालून पाठवता आला असता, तू तसंच सांगितलं होतंस. पण नुसता कागद आला असता तर तू तो कपाटात कुलपात ठेवला असतास आणि तरीही दाराची बेल वाजली की तू दचकली असतीस. मी बघितलंय ते. गेल्या वर्षी मी आले आणि दुसऱ्याच दिवशी निघून गेले, भाऊजी म्हणाले असतील, हिच्या पायाला चक्रं आहेत. तसं नव्हतं. त्या दीड दिवसात मुंगीने तुझ्याकडे जे जे मागितलं, ते देण्याआधी तू माझ्याकडे बघत होतीस. तिने भिंतीवर रेघोट्या मारल्या, तू हात उगारलास, मी दिसले आणि तू हात खाली घेतलास. न्हाणीघरातून ती आई आई ओरडत होती आणि तू मला विचारलंस, 'तू घालतेस का आंघोळ?' स्वतःच्या घरात तू माझ्यासमोर पाहुण्यासारखी वावरत होतीस, ताई. मला तेव्हाही काही वाटलं नाही, फक्त एवढं कळलं की मी या घरात असेपर्यंत या पोरीला आई नाही. म्हणून गेले. हे तुला कुठलाच कागद सांगणार नव्हता, म्हणून लिहिलं. पुढे कधी मला काही वाटायला लागलं तर लागेल, ते माझं मी बघेन, तुझ्या दारात घेऊन येणार नाही. पण मी स्वतः येणार आहे, तिची शाळा सुरू व्हायच्या आधी, चार दिवस. तेव्हा एवढंच कर. तिने हट्ट केला की मी समोर बसलेली असताना तिला रागव. चांगली सणसणीत रागव. आणि मग तिला पोटाशी धरून 'माझी गं बाई ती, माझी' म्हणतेस ना, मी खोलीत नसताना म्हणतेस, दाराआडून ऐकलंय मी, ते माझ्याकडे न बघता म्हण.

तुझीच,
भिंगरी